काचपट्टी क्रमांक एकोणीस

तिबिलिसीत त्या जानेवारीत वीज तासभर यायची,
तीही पाव भाजणाऱ्यांच्या वेळेला.
प्रयोगशाळेत रॉकेलचा स्टोव्ह, त्यावर हात शेकणारी बारा पोरं
आणि नऊ सूक्ष्मदर्शक, जुने, खाली आरसा असलेले.
आरसे आम्ही खिडकीकडे वळवले.
बाहेरच्या बर्फाचा उजेड नळीतून वर चढला.

त्सियाला बाईंनी कोट न काढताच सुरुवात केली.
"अंडाशय. सोललेला बदाम. तीन सेंटिमीटर, फार तर चार.
डाळिंब म्हणू नका. दर वर्षी कुणीतरी म्हणतंच.
डाळिंबात सगळे दाणे एकदम पिकतात.
इथे रांग आहे, आपल्या पावाच्या रांगेसारखी.
जन्माला येताना लाखो उभे असतात,
दारापर्यंत पोचतात चारशे.
बाकीचे रांगेतच विरून जातात."

फळ्यावर खडूची लांब रेघ.
"ही धमनी. शेजारी एवढं रक्त असताना
हिला थेट महाधमनीपासून, मूत्रपिंडांच्या पायथ्याहून यावं लागतं.
का? जन्माआधी अंडाशय तिथेच होतं, कण्याजवळ, वर.
खाली उतरलं,
पण माहेरची वाट मोडली नाही.
डावी शीर मूत्रपिंडाच्या शिरेत जाते, उजवी महाशिरेत.
हे पाठ करा. परीक्षेत हेच विचारतात."

"नळी चिकटलेली असते ना?" गिगाने विचारलं.
"नाही.
मध्ये मोकळी जागा. झालरीचं तोंड जवळ येतं,
चाचपडतं, सुटलेलं अंडं उचलतं.
दोन घरांमधलं अंगण म्हण.
आणि वरच्या थराला जनन-अधिस्तर म्हणतात, ते नाव चुकलंय.
तिथून काहीच जन्मत नाही.
दुरुस्त कुणी केलं नाही. तुम्ही चुकीचं नाव बरोबर लिहा."

मग पट्टी एकोणीस.

ती मी कापली होती. मेणाच्या ठोकळ्यातून,
सात मायक्रॉन जाड, श्वास रोखून.
कोमट पाण्यावर तरंगवली, काचेवर उचलली,
जांभळ्यात बुडवली, मग गुलाबीत.

"काय दिसतं?"
खातुना म्हणाली, "मधोमध रक्तवाहिन्यांची गर्दी.
कडेला पांढुरके डाग. वळ्या पडलेले. खूप आहेत."
"श्वेतपिंड.
अंडं गेलं की ती जागा आधी पिवळी होते,
दोन आठवडे रसायनं पाठवत राहते,
अंथरूण घालून ठेवते.
कुणी आलं नाही तर हळूहळू पांढरी पडते.
व्रण म्हणा. जखम म्हणू नका.
आता झोपलेल्या पुटिका मोजा."

आरसे हलले. ढग आला, गेला.
"तीन."
"नाही, दोन. तो तिसरा रंगाचा डाग आहे."
"दोन," बाई म्हणाल्या. "वय सांगा."
"चाळिशी उलटली असेल..."
"त्रेचाळीस."
जरा लवकरच म्हणाल्या.

स्टोव्ह फुरफुरला. पोरांनी वहीत लिहून घेतलं, त्रेचाळीस.
चिठ्ठीवर वय नाही.
माझ्या अक्षरात फक्त आकडा आहे.
खातुनाने डोळा नळीवरून काढला,
बाईंकडे पाहिलं,
पुन्हा लावला.

तासानंतर पट्ट्या पेटीत मोजून ठेवताना एक खाच रिकामी निघाली.
बाई खिडकीपाशी होत्या, पट्टी उजेडासमोर धरून.
नुसत्या डोळ्यांना ती नखाएवढी गुलाबी चकती,
त्यात ना रांग दिसते, ना व्रण.

"काप चांगला आलाय, दोदो," त्या म्हणाल्या.
"कुठे फाटला नाही."

मी म्हटलं, पातं नवं होतं.